तेल सांडलेल्या हिरवळीचे पुनरुज्जीवन

(पंचायत सदस्य, शिक्षक व शेतकरी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फुटबॉल खेळण्यास मैदान नाही असे गाव गोव्यात क्वचितच आढळेल. फातोर्ड्याचे स्टेडियम अथवा वास्कोचे टिळक मैदान यांची निगा राखण्यास स्वतंत्र कर्मचारी असतात. परंतु गावचे मैदान, शाळेचे पटांगण आणि देवळापुढील मोकळी जागा यांची काळजी गावालाच वाहावी लागते. पूर्वी हे काम विळा, कोयता आणि चरणारी गुरे यांच्यावर सोपविलेले असे. आज तेथे गवत कापण्याचे यंत्र, ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि पाण्याचा पंप आला आहे. यंत्राने माणसाचे श्रम वाचविले यात शंका नाही. तथापि, जेथे यंत्र आले तेथे तेल आले, आणि जेथे तेल आले तेथे ते केव्हा ना केव्हा सांडणारच.

समजा, रविवारी गावात सामना आहे आणि शुक्रवारी सायंकाळी यंत्र फिरत असताना त्याची हायड्रॉलिक नळी फुटली. चालकाच्या ध्यानात येईपर्यंत यंत्र पंधरा-वीस पावले पुढे गेलेले असते. त्या वेळी गवत हिरवेच दिसते. फक्त ओलसर आणि चकचकीत. एक-दोन दिवसांत मात्र तेथे सरळ रेघेत तपकिरी पट्टा उमटतो. मग धावपळ सुरू होते. कोणी पेट्रोल ओतून तेल धुऊन काढू पाहतो, कोणी माती टाकून डाग झाकतो, तर कोणी कुदळ घेऊन सगळा पट्टाच खणून काढतो. यांतील पहिला उपाय घातक, दुसरा निरुपयोगी आणि तिसरा बहुधा अनावश्यक असतो. गवत कशाने मरते आणि कशाच्या बळावर परत येते, एवढे समजले तर गावाचा पैसा वाचेल, मैदान वाचेल आणि कदाचित मैदानाशेजारची विहीरही वाचेल.

तेलाने गवत का मरते?

तेलाची इजा तीन प्रकारे होते. पहिली इजा उष्णतेची. चालू यंत्रातील हायड्रॉलिक तेल साधारणतः ६० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असते. गवताच्या कोवळ्या पानाला इतकी उष्णता सोसत नाही. ते जागीच भाजून निघते. दुसरी इजा तेलाच्या लेपाची. पानावर तेलाचा थर बसला की पर्णरंध्रे बुजतात व पानाचा श्वासोच्छ्वास कोंडतो. पेट्रोल व डिझेल यांतील हलके घटक तर पेशींच्या स्निग्ध आवरणात शिरून ते आवरणच विरघळवितात. तिसरी इजा मातीची असते. ती डोळ्यांना दिसत नाही, परंतु तीच सर्वांत अधिक काळ टिकते. तेलाने मातीचे कण माखले म्हणजे पाणी त्यांत मुरत नाही. ते थेंबाथेंबांनी वरच उभे राहते. मातीतील पोकळ्या भरल्याने मुळांना हवा मिळत नाही. भर पावसातही असे गवत तहानलेले राहते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तेल पडलेले पान वाचविण्याची धडपड व्यर्थ आहे. ते पान गेले असे समजावे. वाचवावयाचे असते ते पानाखालचे खोड आणि खोडाखालची माती.

सांडलेले तेल कोणते?

सर्व तेले सारखी नसतात. पेट्रोल गवताला तत्काळ जाळते, परंतु ते उडूनही लवकर जाते. थोडे पेट्रोल सांडले असेल आणि हंगाम वाढीचा असेल, तर काही आठवड्यांत डाग आपोआप भरून येतो. डिझेल सावकाश उडते, खोल मुरते आणि महिनोन् महिने त्रास देते. हायड्रॉलिक तेल व इंजिन ऑइल जवळजवळ उडतच नाहीत. ती मातीत राहूनच कुजावी लागतात. ग्रीस पसरत नाही, परंतु जेथे पडते तेथे झाकणासारखे बसते. ते पत्र्याने अथवा लाकडी पट्टीने खरवडून उचलणे हाच त्यावरील खरा उपाय होय. वनस्पतिजन्य तेलापासून बनविलेले हायड्रॉलिक तेलही हल्ली वापरले जाते. ते मातीत लवकर कुजते हे खरे. परंतु तापलेले असताना ते पानावर पडले तर पान मरावयाचे ते मरतेच.

सर्वांत वाईट म्हणजे इंजिनातून काढलेले काळे, जळके तेल. त्यात ज्वलनातून उत्पन्न झालेली घातक संयुगे असतात आणि यंत्राच्या झिजेतून आलेले धातूंचे अंशही असतात. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, किंवा रान माजू नये म्हणून, हे तेल कडेने ओतण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. ती तत्काळ सोडली पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घातक कचऱ्यासंबंधीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे.

काय सांडले हे कोणी सांगितले नाही, तरी डागाच्या आकारावरून पुष्कळसा तर्क करता येतो. यंत्राच्या मार्गाने जाणारी सरळ किंवा वळणदार रेघ असेल तर फुटलेल्या नळीचा संशय घ्यावा. यंत्र उभे करण्याच्या जागी वाटोळा डाग असेल तर टाकी भरताना इंधन सांडले असावे. बुरशीचा रोग सहसा असा यंत्राच्या वाटेने चालत नाही.

हरळीचे सामर्थ्य

आपल्या मैदानांवर बहुतेक ठिकाणी हरळी असते. गणेशपूजेत जिला दूर्वा म्हणतात तीच ही. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन असे असून, परदेशांतील क्रीडांगणांवर तीच बर्म्युडा गवत या नावाने लाविली जाते. तिचे वैशिष्ट्य असे की, ती दोन वाटांनी पसरते. जमिनीवर तिची धावती खोडे सरपटतात, आणि जमिनीखाली तिची मूलक्षोडे दडलेली असतात. प्रत्येक पेऱ्यावर नवे मूळ व नवा कोंब फुटण्याची शक्ती असते. शेतकरी हरळीला वैतागतो तो याच गुणामुळे. मैदान जगते तेही याच गुणामुळे. वरचे पान व खोड तेलाने मेले तरी मूलक्षोड शाबूत असेल तर खालून कोंब येतात, आणि तेही मेले असेल तर कडेची जिवंत हरळी आत सरपटत येते.

म्हणून डाग दिसताच प्रथम परीक्षा करावी. डागाच्या मध्यातील एक-दोन काड्या बोटभर खोलीपासून उपटून पाहाव्यात. पेरे पांढरट व टणक असतील तर गवत जिवंत आहे. ते तपकिरी, मऊ किंवा पोकळ असतील तर त्या जागी कडेच्या गवताचीच वाट पाहावी लागेल. येथे डागाची रुंदी महत्त्वाची ठरते. १५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा भरून येण्यास दोन्ही कडांच्या गवताने केवळ साडेसात सेंटिमीटर अंतर चालावयाचे असते. एक मीटर व्यासाच्या वाटोळ्या डागात तेच अंतर ५० सेंटिमीटर होते. म्हणून लांबच लांब भेसूर दिसणारी रेघ लवकर बुजते आणि यंत्र उभे करण्याच्या जागेचा लहानसा वाटणारा डाग वर्षभर रेंगाळतो. जी गवते गुच्छाने वाढतात, त्यांना मात्र हे सरपटणे साधत नाही. तेथे नव्याने लावणीच करावी लागते.

मातीतील अदृश्य कामगार

पान गेले, खोड राहिले; पण मातीतील तेलाचे काय? ते काम सूक्ष्मजंतू करतात. तेल म्हणजे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांची संयुगे. स्यूडोमोनास, रोडोकॉकस इत्यादी अनेक सूक्ष्मजंतू ही संयुगे खाऊन त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत रूपांतर करतात. या क्षेत्रात एका भारतीयाचे नाव जगभर गाजले. बंगालमध्ये जन्मलेले डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती (१९३८–२०२०) यांनी अमेरिकेत तेल खाणारा एक सुधारित सूक्ष्मजंतू तयार केला, आणि सजीवावरही एकस्व मिळू शकते असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली त्यांच्या प्रकरणात दिला. तो सूक्ष्मजंतू प्रत्यक्ष तेलगळतीवर व्यापारी प्रमाणात कधी वापरला गेला नाही. परंतु मैदानावरील डागासाठी त्याची गरजही नाही. चांगल्या मातीत तेल खाणारे सूक्ष्मजंतू मुळातच असतात. तेल मिळाले की त्यांची संख्या वाढते. त्यांना हवी असते हवा, ओल आणि नत्र.

नत्राचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एक लिटर तेलात सुमारे पाऊण किलो कार्बन असतो, नत्र मात्र जवळजवळ नसते. सूक्ष्मजंतूंना १०० भाग कार्बनामागे साधारण १० भाग नत्र व १ भाग स्फुरद लागते, असा ठोकताळा मानला जातो. हे नत्र ते मातीतूनच ओढून घेतात, आणि मग गवत उपाशी राहते. तेल सांडल्यावर कडेचे न भिजलेले गवतही पिवळे पडते, त्याचे एक कारण हेच. ठोकताळ्याने पाहिले तर एका लिटरला दीडशे ग्रॅमांहून अधिक युरिया लागेल. परंतु तो एकदम घातल्यास उरलेली मुळे जळतील. म्हणून दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया घालून भरपूर पाणी द्यावे व तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ही मात्रा पुन्हा द्यावी. त्यासोबत चांगले कुजलेले शेणखत पातळ पसरावे. त्यातून सूक्ष्मजंतू आणि स्फुरद दोन्ही मिळतात. गोव्याची जांभ्याची माती बहुधा आम्ल असते आणि हे सूक्ष्मजंतू उदासीन मातीत अधिक जोमाने काम करतात. माती तपासून आवश्यक असल्यास थोडा चुना द्यावा. मात्र चुना व युरिया एकाच वेळी घालू नयेत, अन्यथा नत्र वायुरूपाने उडून जाते. दोहोंत दोन आठवड्यांचे तरी अंतर असावे.

प्रत्यक्ष काय करावे?

तेल सांडताच यंत्र बंद करावे व गवताबाहेर ढकलत न्यावे. फुटलेली नळी हाताने चाचपू नये. उच्च दाबाच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते व तिने हात गमावण्याची वेळ येते. पेट्रोल असेल तर आसपास विडी-काडी नको.

त्यानंतर तेल शोषून घ्यावे. लाकडाचा भुसा, नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा कोरडी वाळू डागावर टाकावी, हलके दाबावी, घासू नये. अर्ध्या तासाने ती गोळा करून पुन्हा नवी टाकावी. एका चौरस मीटरवर एक लिटर तेल सांडले म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा थर झाला. यांतील जितके वर उचलले जाईल तितके सूक्ष्मजंतूंचे काम हलके होते. हा टप्पा गाळून पुढे जाणे ही सर्वांत मोठी चूक होय.

मग साबण. दहा लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन-तीन चमचे मिसळून ते झारीने डागावर घालावे व मागून स्वच्छ पाणी द्यावे. रिठ्याच्या फळांतही सॅपोनिन नावाचा फेस आणणारा पदार्थ असतो. साबण हाताशी नसल्यास रिठ्याचे गाळलेले पाणी चालते. साबणाने मेलेले पान उठणार नाही. परंतु खोडावरील तेलाचा लेप निघतो, मातीत पाणी मुरू लागते आणि नव्या कोंबाची वाट मोकळी होते. त्यानंतर पहारीने किंवा काट्याने वीतभर अंतरावर दहा-पंधरा सेंटिमीटर खोल भोके पाडावीत, म्हणजे हवा आत जाईल. डागाला दोरी बांधून त्यावरील वर्दळ थांबवावी.

तेल पुष्कळ सांडले असेल, ते जळके असेल, किंवा महिन्या-दोन महिन्यांतही कोंब दिसत नसतील, तरच खणावे. भिजलेली माती काढून टाकावी, नवी माती व शेणखत भरावे आणि मैदानाच्या कडेची हरळी चकत्या कापून वीत-वीत अंतरावर लावावी. काढलेली तेलकट माती ओहोळात किंवा शेतात फेकू नये. जळक्या तेलाची माती व वापरलेला भुसा झाकून ठेवून त्याच्या विल्हेवाटीबाबत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी.

डाग पेटवू नये. पेट्रोलने धुऊ नये. तेल ताजे असताना नांगरू नये, कारण त्यामुळे वरचे तेल खोल जाते. प्लॅस्टिकने झाकून ठेवू नये, कारण सूक्ष्मजंतूंना हवा लागते.

पाऊस आणि विहीर

गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस कोसळतो, तो या कामात मित्रही आहे आणि वैरीही आहे. ओल मिळते हे खरे, परंतु पाणी तुंबलेल्या मातीत हवा राहत नाही व तेल कुजण्याचे काम मंदावते. शिवाय ढगाळ हवेत हरळीची वाढ खुंटते. तिला भरपूर ऊन लागते. पावसाळा सरल्यावर ऊन पडते आणि जमिनीत ओलही असते. तो काळ डाग भरून येण्यास सर्वांत अनुकूल होय. मार्च ते मे या महिन्यांत पाणी दिल्याशिवाय गवत हलणार नाही.

किनाऱ्यावरील मंडळींना याची दुसरी बाजू ठाऊक आहे. पावसाळ्याच्या सुमारास समुद्रातून वाहून आलेले डांबराचे गोळे वाळूवर पडतात. दूर कोठेतरी सांडलेले तेल असे लाटांबरोबर दारात येते. जमिनीवरही तेच घडते. जांभा सच्छिद्र असतो. त्यातून पाणी लवकर झिरपते आणि पाण्याबरोबर तेलही जाऊ शकते. साबण तेलाचे बारीक थेंब करतो, म्हणजेच त्याला वाहण्यास मदत करतो. साबणाचे पाणी माशांनाही अपायकारक असते. म्हणून विहीर, तळी, ओहोळ किंवा भातखाचर जवळ असेल तर, अथवा मोठा पाऊस येऊ घातला असेल तर, साबण वापरू नये. तेथे शोषून घेणे व आवश्यक तर माती उचलणे हाच मार्ग. मैदान चार महिने तपकिरी दिसले तर बिघडत नाही. विहीर बिघडली तर गावाने प्यावे काय?

शाळांसाठी एक प्रयोग

शिक्षकांना या निमित्ताने विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करून घेता येईल. डागाच्या मातीच्या पाच कुंड्या आणि मैदानाच्या निरोगी भागातील मातीच्या पाच कुंड्या भराव्यात. प्रथम प्रत्येकीवर चमचाभर पाणी टाकून ते किती वेळात मुरते हे घड्याळ लावून लिहावे. नंतर प्रत्येक कुंडीत मुगाचे दहा-दहा दाणे पेरून आठवड्याने किती उगवले हे मोजावे. दर महिन्यास हाच प्रयोग नव्याने आणलेल्या मातीवर केला म्हणजे माती कशी सुधारत आहे, हे आकड्यांनी दिसेल. जेव्हा दोन्ही मातींतील उगवण जवळजवळ सारखी येईल, तेव्हा लावणीस हरकत नाही. पंचायतीला यासाठी खर्च नाही, आणि मुलांना मात्र माती ही सजीव वस्तू आहे हे पुस्तकाबाहेर कळते. जळके तेल सांडलेली माती मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

माणसाची बाजू

शेवटी एक गोष्ट, जी खताच्या मात्रेपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. वर सांगितलेल्या सर्व उपायांचे यश पहिल्या तासावर अवलंबून आहे. तो तास हातचा का जातो? कारण तेल सांडल्याचे ज्याला सर्वप्रथम कळते, तो यंत्राचा चालक बहुधा रोजंदारीवरचा असतो. नुकसान आपल्या पगारातून कापले जाईल या भीतीने तो डागावर कापलेले गवत पसरतो आणि निघून जातो. दोन दिवसांनी पट्टा उमटतो, तेव्हा तेल मुरलेले असते. नळी जुनी झाल्याचे त्याने आधी सांगितलेले असते, पण ती बदलण्याचा खर्च मंजूर झालेला नसतो, असेही पुष्कळदा घडते.

म्हणून ज्यांच्या हाती मैदानाचा कारभार आहे त्यांनी तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. इंधन भरणे व यंत्राची दुरुस्ती गवतावर न होता सिमेंटच्या फरशीवर किंवा पत्र्याच्या तसराळ्यावर व्हावी. यंत्राजवळ भुशाचा डबा, साबण व झारी कायम ठेवावी, आणि काम सुरू करण्यापूर्वी नळ्या पाहून नोंदवहीत सही करावी. आणि तेल सांडल्याचे जो तत्काळ सांगेल त्याला दंड होणार नाही, हे सर्वांसमक्ष जाहीर करावे. दंडाने वसूल होणारी रक्कम थोडी. लपवाछपवीने होणारे नुकसान फार मोठे.

हरळी सोशिक आहे. तिला तुडविले, कापले, भाजले तरी पेऱ्यापेऱ्यांतून ती परत उठते. तिच्या वाटेतील अडथळा दूर करणे आणि तिला वेळ देणे, एवढेच माणसाचे काम आहे. ते काम वेळेवर झाले, तर ज्या जागी आज तपकिरी पट्टा आहे तेथेच पावसाळ्यानंतर मुले पुन्हा चेंडूमागे धावताना दिसतील.